तव्याची आच की अंगातली? हॉर्मोनची चिठ्ठी अकरा दिवस डब्याखाली पडून आहे

पोळपाटवाली (डोंबिवली) · ९ फेब्रुवारी

नमस्कार. दोन वर्षं इथे नुसती वाचत होते, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ४९. माझं पोळीभाजी केंद्र आहे. रोज साधारण ४०० पोळ्या, म्हणजे १२ किलो कणीक. पहाटे साडेचारला उठते, मदतीला दोन बायका आहेत. शेवटची पाळी मागच्या गणपतीत आली, नेमकी गौरी जेवायच्या दिवशी. त्यानंतर पाच महिने काही नाही. त्याआधीचं वर्षभर मात्र वीस-वीस दिवसांनी यायची आणि दहा दिवस जायची नाही.

आता त्रासाचं. सुरुवात छातीच्या मधोमध होते, कुणी आतून काडी ओढल्यासारखी. मग मान, मग कानाच्या पाळ्या, मग डोक्यातून घाम. दोन-तीन मिनिटांत संपतं आणि लगेच हुडहुडी भरते. दिवसाला दहा-बारा वेळा. मी उभी असते दोन तव्यांपुढे, त्यामुळे पहिले दोन महिने मला कळलंच नाही. वाटलं शेगडीची धग आहे, एक्झॉस्ट पंखा बिघडलाय. माणूस बोलावून पंखा साफ करून घेतला, ३०० रुपये गेले. मग एकदा घरी टीव्हीपुढे शांत बसलेली असताना तेच झालं तेव्हा ट्यूब पेटली: हे पाळी जातानाचे फ्लश, म्हणजे आतून उठणाऱ्या गरम लाटा.

गेल्या महिन्यात नाकावरून घामाचा थेंब थेट पोळपाटावर पडला. समोर गिऱ्हाईक उभं. मी तो गोळा टाकून दिला, पोळपाट धुतला, पण ती बाई जे बघायची ते बघून गेली. परत आलेली नाही. आता फ्लश यायला लागला की मी डीप फ्रीजचं झाकण उघडून आत डोकं घालते. मदतनीस विचारते, "ताई, मटार काढताय?" मी म्हणते हो. रोज किती मटार काढणार?

झोपेचं तर विचारूच नका. रात्री दोनदा गाऊन बदलते. हे बिचारे पांघरुणात गुरफटलेले आणि मी पंखा पाचवर. शिवाय विसरायला होतं. एकादशीला एका काकूंच्या उपवासाच्या डब्यात वांग्याची भाजी गेली. आणि रोज दोन पोळ्या नेणाऱ्या आजोबांवर एका रुपयावरून अशी ओरडले, की नंतर आत जाऊन रडले.

डॉक्टरांकडे गेले. थायरॉइड नॉर्मल निघालं, हिमोग्लोबिन १०.८, व्हिटॅमिन डी १४, बीपी बरं आहे. त्यांनी लिहून दिलंय: इस्ट्रोजेनचं जेल रोज अंगाला लावायचं आणि महिन्यातले १२ दिवस रात्री प्रोजेस्टेरॉनची २०० ची कॅप्सूल. त्याआधी मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करून या म्हणाल्या.

ती चिठ्ठी अकरा दिवस साखरेच्या डब्याखाली आहे. कारण माझ्या सख्ख्या मावशीला ६२ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता (आता ७० ची आहे, ठणठणीत). नणंद म्हणते हॉर्मोन म्हणजे कॅन्सरला आवतण. वैद्यांनी शतावरी कल्प दिलाय, महिनाभर दुधातून घेतला. छान लागतो. फ्लश आहेत तेवढेच.

ज्यांनी घेतलंय आणि ज्यांनी नाही, दोघींनी सांगा. घाबरवू नका आणि उगाच धीरही देऊ नका.

---

सडेतोड_६१ · ९ फेब्रुवारी

आमच्या आई-आज्यांना कधी असली थेरं झाली नाहीत. दहा बाळंतपणं करून ऐंशी वर्षं जगल्या. हल्ली सगळ्याचा आजार करतात.

---

गोदाकाठ (नाशिक) · ९ फेब्रुवारी

मी न घेतलेल्यांपैकी, म्हणून लिहिते. माझे फ्लश दिवसाला तीन-चार आणि झोप ठीक होती. डॉक्टर म्हणाल्या, जमत असेल तर थांबून बघू. संध्याकाळचा चहा बंद केला, कारण चहाच्या दुसऱ्या घोटाला हमखास यायचा. जाड नायलॉनचे ड्रेस देऊन टाकले. सोयाबीनचं पीठ कणकेत मिसळून चार महिने खाल्लं. मला काडीचा फरक पडला नाही, पोळ्या मात्र वातड झाल्या. दीड वर्षात आपोआप विरळ झालं.

पण ताई, तुमच्या दहा-बाराची आणि माझ्या तीन-चारची बरोबरी नाही. मी पहाटे साडेचारला उठत नव्हते.

---

निवृत्त_सिस्टर · १० फेब्रुवारी

मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, त्यातली १४ स्त्रीरोग विभागात. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. पण तुमची चिठ्ठी वाचली आणि ती विचार करून लिहिलेली दिसते.

भीती आली कुठून ते पहिल्यांदा. २००२ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेला. सोळा हजारांवर बायका, सरासरी वय ६३. म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. गोळी कोणती, तर गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन आणि त्याच्या जोडीला कृत्रिम प्रोजेस्टिन. त्यात स्तनाचा कॅन्सर वर्षाला दहा हजार बायकांमागे ३० च्या जागी ३८ जणींना झाला. आठ जास्त. शून्य नाही, पण तुमची नणंद म्हणते तसं आवतणही नाही. पेपरात टक्के छापून आले आणि जगभर बायकांनी गोळ्या फेकल्या. आमच्या ओपीडीतही फेकल्या. ज्यांची गर्भाची पिशवी काढलेली होती त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं, त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला नाही, ही बातमी नंतर आली. ती कुणी वाचली नाही.

तुम्ही ४९ च्या आणि पाळी जेमतेम थांबतेय. साठीच्या आत, पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर फायद्या-तोट्याचा हिशेब बहुतेकींचा बरा बसतो. जेल लिहून दिलंय ते गोळीपेक्षा वेगळं. गोळी पोटातून आधी लिव्हरकडे जाते, तिथे रक्ताच्या गाठी होण्याची शक्यता वाढते. कातडीतून घेतलेल्यात ती भानगड फारशी नाही. कॅप्सूल कशाला, तर नुसतं इस्ट्रोजेन दिलं की पिशवीचं अस्तर जाड होत जातं आणि तिथे कॅन्सर होऊ शकतो. कॅप्सूल त्या अस्तराला आवरते. म्हणून जेल चालू ठेवून कॅप्सूल टाळायची असं स्वतःच्या मनाने कधीही करू नका. झोपताना घ्यायला सांगतात कारण तिने गुंगी येते. तुमच्या बाबतीत ते सोन्याहून पिवळं.

१२ दिवसच का, तर तुमची पाळी थांबून अजून वर्ष झालेलं नाही. १२ दिवस संपले की बहुधा पाळीसारखा रक्तस्राव होईल. दचकू नका. आणि वर्ष पूर्ण होईपर्यंत दिवस राहू शकतात, पन्नाशीच्या आतल्या बाईने तर दोन वर्षं सांभाळावं. जेल म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. ४८ व्या वर्षी पाचव्या महिन्यात कळलेली बाई मी पाहिली आहे, तिला वाटलं होतं पाळी गेली.

मावशीचं: एक मावशी, तीही साठीनंतर, एवढ्याने दार बंद होत नाही. आई, बहीण किंवा दोन-तीन जणी कमी वयात, असं असेल तर वेगळी गोष्ट. डॉक्टरांना मावशीचं सांगितलंय ना? नसेल तर सांगा. मॅमोग्राफी आधी करा, चिठ्ठी त्याच्या नंतर बाहेर काढा.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही आणि बहुतेक जणी लिहीत नाहीत. खाली कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं, लघवीला सारखी जळजळ. वर्षात तीन-तीन वेळा अँटिबायोटिक घेणाऱ्या बायका यायच्या, मूळ कारण हे असायचं. त्याला आतून लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम असतं, अगदी थोडं, जागच्या जागी काम करणारं. त्याच्यासोबत कॅप्सूलही लागत नाही. फ्लश काळाने जातात, हे मात्र आपोआप जात नाही.

आणि सगळ्यांसाठी: पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात दाखवा. आमच्याकडे एक बाई पुन्हा पाळी आली म्हणून देवाला नारळ फोडून, सहा महिन्यांनी आली होती. पिशवीचा कॅन्सर निघाला. सोनोग्राफीत अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असलं की डॉक्टर सहसा निर्धास्त होतात, जाड असलं की तुकडा काढून तपासतात. एवढंच असतं. सहा महिने घालवू नका.

---

पोळपाटवाली (डोंबिवली) · १० फेब्रुवारी

सिस्टर, तुमचं लिहिणं तीनदा वाचलं. मावशीचं मी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं! त्यांनी "घरात कुणाला?" विचारलं, मी म्हटलं नाही. मावशी वेगळ्या घरात राहते ना. काय माझी अक्कल.

जळजळ आहे. लिहायची लाज वाटली.

सडेतोड, माझी आजी पन्नाशीत बाराही महिने ओटीवरच्या शहाबादी फरशीवर ओला पंचा अंगावर घेऊन झोपायची. आम्ही मुलं म्हणायचो आजीला उकडतं. पौषात उकडायचं हो तिला. कुणी विचारलं नाही म्हणून तिने सांगितलं नाही, एवढंच.

---

एडिसनकर (न्यू जर्सी) · ११ फेब्रुवारी

मला हॉर्मोन चालत नाही, म्हणून वेगळी वाट सांगते. २०१९ मध्ये मुंबईहून येताना विमानात सोळा तास बसले आणि पोटरीत गाठ झाली. रक्त पातळ करायच्या गोळ्या सहा महिने. त्यामुळे पन्नाशीला फ्लश सुरू झाले तेव्हा डॉक्टरांनी हॉर्मोनला सरळ नाही म्हटलं.

मला फेझोलिनेटंट दिलं. इथे मे २०२३ मध्ये मंजूर झालेलं आहे. त्यात हॉर्मोन नाही. मेंदूत अंगाचं तापमान सांभाळणारी जागा असते, इस्ट्रोजेन कमी झालं की तिथल्या काही पेशी उगाच चेकाळतात आणि जरा कुठे उबारा वाटला की घामाचा नळ सोडतात. हे औषध त्या पेशींचा निरोप अडवतं. मला दुसऱ्या आठवड्यात फरक कळला. पण लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं, सुरू करण्याआधी आणि पहिले तीन महिने दर महिन्याला रक्त द्यायचं, पुढेही अधूनमधून. आणि इथे भयंकर महाग आहे. विम्याशी मी जेवढी भांडले तेवढी नवऱ्याशीही नाही.

२०२५ च्या नोव्हेंबरात इथल्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारं सरकारी खातं) हॉर्मोनच्या औषधांवरचा काळ्या चौकटीतला इशारा काढणार असल्याचं जाहीर केलं. माझ्या ग्रुपमधल्या दोघी लगेच "म्हणजे आता सगळ्यांनी घ्या" म्हणायला लागल्या. तसं नाही. माझी पोटरी तीच आहे.

---

संत्राबर्फी (नागपूर) · १२ फेब्रुवारी

मी मावशीच्या जागी आहे. ४६ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर, आता टॅमॉक्सिफेन चालू, कॅन्सर परत येऊ नये म्हणूनची गोळी. त्या गोळीनेच फ्लश येतात, शिवाय नागपूरचा मे महिना. हॉर्मोनचा प्रश्नच नाही.

मला व्हेन्लाफॅक्सिन कमी डोसमध्ये दिलं. ती मनाच्या आजाराची गोळी आहे असं दुकानदाराने मोठ्याने सांगितलं, तेव्हा रांगेतले चार लोक वळून बघायला लागले. फ्लश साधारण निम्म्यावर आले. पहिला आठवडा मळमळलं, मग बरं. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, पॅरॉक्सेटिन नावाची त्याच जातीची गोळीही फ्लशसाठी देतात, पण ती टॅमॉक्सिफेनचं काम कमी करते. दुसरा डॉक्टर लिहून देत असेल तर सांगा.

पोळपाटवाली ताई, मावशीला एकदा फोन करा. गोळीबद्दल नाही, सहज करा. आम्हाला घरातल्या बायका आमचं उदाहरण देऊन घाबरतात, आणि ते आम्हाला कळतं.

---

आशाताई_बीड · १४ फेब्रुवारी

उशिरा लिहायलेय, कामात होते. मी आशा सेविका आहे. तुमचं सगळ्यांचं वाचलं आणि आमच्या इथल्या बायका डोळ्यांपुढं आल्या.

२०१९ ला ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या होत्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. आमच्या जिल्ह्यात ८२ हजारांवर बायकांचं सर्वेक्षण झालं, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातली एक माझी जाऊ. अंगावर पांढरं जायचं म्हणून एका खासगी दवाखान्यात गेली, "पुढं कॅन्सर होईल" सांगितलं, ३३ व्या वर्षी पिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढली. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली होती, पंधरा दिवसांत कोयता हातात. पाळीच्या दिवसाची खाडी (कामाला दांडी) होत नाही म्हणून मुकादमही खूश.

३३ व्या वर्षी तिला तुमचं हे सगळं एका रात्रीत सुरू झालं. घाम, झोप नाही, चिडचिड. नवरा म्हणायचा अंगात आलंय. आता ४५ ची आहे. मागच्या साली नुसती हौदापाशी पाय घसरून पडली तर मनगट मोडलं. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ऑपरेशननंतर हॉर्मोनच्या गोळ्या दिल्या नव्हत्या का? एवढ्या कमी वयात अंडाशयं काढली तर, काही अडचण नसेल तर, पाळी जायच्या खऱ्या वयापर्यंत तरी द्यायला पाहिजेत म्हणे, हाडांसाठी आणि हृदयासाठी. तिला तर पिशवीच नाही, नुसतं इस्ट्रोजेन पुरलं असतं.

तुम्हाला घेऊ का नको हा घोर आहे. तिला कुणी घेतेस का म्हणून विचारलंच नाही. कुणाच्या घरी कामाला, शेतात अशी बाई असेल तर तेवढं विचारा, अंडाशयं ठेवलीत का काढलीत. निम्म्या जणींना ते पण माहीत नसतं. डिस्चार्जचा कागद बघावा लागतो.

---

पोळपाटवाली (डोंबिवली) · ४ एप्रिल

वर आणते आहे, बऱ्याच जणींनी निरोपात विचारलं म्हणून.

मॅमोग्राफी केली. दुखतं थोडं, पण तव्याचा चटका जास्त दुखतो. रिपोर्ट स्वच्छ. डॉक्टरांना मावशीचं सांगितलं, त्यांनी वय विचारलं, आणखी कुणी आहे का विचारलं, लिहून घेतलं आणि म्हणाल्या, सुरू करू, तीन महिन्यांनी भेटू, दर वर्षी हिशेब नव्याने मांडू. मला ते "दर वर्षी" आवडलं. मी समजत होते एकदा घेतलं की जन्माचं.

मावशीला फोन केला. संत्राबर्फी, तुमच्यामुळे. पाऊण तास बोलली, त्यातली चाळीस मिनिटं कैरीच्या लोणच्यावर. मग म्हणाली, माझ्या वेळी मला कुणी विचारलं नाही, तू विचारून घेते आहेस तर घे.

२० फेब्रुवारीला जेल सुरू केलं. त्यात माझा एक घोळ होता. दंडाला लावायचं, आणि मी उठल्या उठल्या कणकेत कोपरापर्यंत हात घालणारी! फार्मासिस्टला विचारलं तर म्हणाला, हात साबणाने धुवा, लावलेली जागा पूर्ण वाळू द्या आणि ती जागा तासभर तरी कुणाला लागू देऊ नका. आता रात्री आंघोळीनंतर मांडीला लावते. हे त्या वेळी हॉलमध्ये असतात.

पहिले दोन आठवडे काही नाही. नणंदेला विजयी मुद्रेने बघायची सोय झाली. तिसऱ्यापासून उतरायला लागलं. आता दिवसाला दोन-तीन, तेही आधीसारखे भडकत नाहीत. कॅप्सूलच्या १२ रात्री तर मी इतकी झोपले की एकदा गजर ह्यांनी बंद केला. बाकीच्या रात्रीही गाऊन एकच. विसराळूपणा आहे तसाच आहे, तो बहुधा माझाच आहे. छाती पहिला महिना जड वाटत होती, आता नाही. खालच्या त्रासाला क्रीम वेगळं दिलंय. सिस्टर, विचारलंत म्हणून झालं ते.

कॅप्सूल १५ मार्चला संपल्या आणि १९ तारखेला, पाडव्याच्या पहाटे, २२० पुरणपोळ्यांची ऑर्डर पुढ्यात असताना आली पाळी. सांगितलेलं असूनही मी पाच मिनिटं मोरीत डोकं धरून बसले. मग उठले. पुरण वाटायचं होतं.

शतावरी कल्प मदतनीस नेते, तिच्या लेकीचं बाळ तीन महिन्यांचं आहे. वैद्यांना विचारून. डीप फ्रीजमध्ये आता खरंच मटार आहेत, सात किलो, ह्या हंगामात मी उगाच घेत राहिले. कुणाला हवे असतील तर सांगा.

गुरुवारी केंद्र बंद असतं, त्या दिवशी हाडांचा डेक्सा स्कॅन करायला चालले आहे. बीडच्या ताईंचं वाचल्यापासून डोक्यात होतं. सिस्टर, त्याला उपाशीपोटी जायचं असतं का?

---

निवृत्त_सिस्टर · ४ एप्रिल

नाही, जेवून जा. फक्त बुधवारपासून कॅल्शियमची गोळी घेऊ नका, आणि धातूची बटणं नसलेला ड्रेस घाला. मटार दोन किलो मला ठेवा, मी ठाण्यात असते.